मानेतली शीर: दिरंगाई आणि घाई

 

या मालिकेत आपण लढायांबद्दल बोललो, तहांबद्दल बोललो, बिंबाजी भोसल्यांच्या रतनपूरबद्दलही बोललो. आजचा विषय वैद्यकाच्या इतिहासातला आहे: मानेतल्या अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या आणि त्यांवरचे उपचार. मी डॉक्टर नाही, पायदळातला निवृत्त अधिकारी आहे. पण हा विषय माझ्या घरात शिरला आणि सवयीप्रमाणे मी त्याचा इतिहास वाचायला बसलो. व्हिडिओत वेळेअभावी राहून गेलेले काही तपशील या लेखी भागात घातले आहेत.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

आमचे वडील वर्ध्याहून भिलाईला आले ते स्टील प्लांट उभा राहत असताना. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्या दिवसाची गोष्ट ते आयुष्यभर सांगत. थोरला भाऊ, म्हणजे दादा, त्याच प्लांटमध्ये लागला. मी फौजेत गेलो. निवृत्तीनंतर परत इथेच आलो. रोज सकाळी सातला दादाचा फोन यायचा, पेपरमधल्या बातम्यांवर दोन शब्द व्हायचे.

काही वर्षांपूर्वी असाच फोन आला. दादाची जीभ जड वाटत होती. एक शब्द म्हणायचा तर भलताच निघत होता. मी हसलो. म्हणालो, "दादा, सकाळी सकाळीच घेतलीस की काय?" दहा मिनिटांनी त्याचाच परत फोन, बोलणं अगदी स्वच्छ. "काही नाही रे, उजवा हात जरा झोपला होता. चहाचा कप सुटला हातातून." मागून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, यांना दवाखान्यात जायला सांगा ना." मी म्हणालो, "वहिनी, झोप कमी झाली असेल. आराम करू द्या."

नवव्या दिवशी दादाचं उजवं अंग गेलं. वाचाही गेली. तपासणीत दिसलं, मानेतली डावी रक्तवाहिनी फार अरुंद झाली होती. आज तो काठी घेऊन चालतो. मला हाक मारायला गेला की माझं नाव त्याच्या ओठांपर्यंत येतं आणि तिथेच अडतं.

ती दहा मिनिटं म्हणजे टेहळणी पथकाने दिलेला निरोप होता. तो मी हसण्यावारी नेला. आयुष्यभर जवानांना शिकवलं की छोट्या निरोपाकडे दुर्लक्ष करू नका, आणि घरचा निरोप ओळखला नाही. माझी दुसरी गोष्ट याच्या बरोबर उलट आहे, ती शेवटी सांगतो. मधला इतिहास कळला की तिचा अर्थ लागेल.

शीर कुठली, आणि बिघडतं काय

हनुवटीच्या खाली, कंठाच्या बाजूला दोन बोटं ठेवा. ठोका लागतो ती ही रक्तवाहिनी. इंग्रजीत कॅरोटिड, मराठी वैद्यकीय पुस्तकांत ग्रीवा रोहिणी. उजवीकडे एक, डावीकडे एक. जबड्याच्या खाली प्रत्येकीला दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदूकडे आणि डोळ्याकडे. या फाट्याशीच प्रवाह घुटमळतो आणि वर्षानुवर्षांचं चरबीचं, चुन्याचं कीट तिथेच जास्त बसतं. तंबाखू, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल हे त्याला खतपाणी घालतात.

प्लांटमधल्या माणसाला हे लगेच समजतं. पाइपाला आतून थर धरतो तसंच. पण एक फरक आहे. पाइप अरुंद झाला की पाणी कमी येतं. इथे त्याहून मोठा धोका असा की त्या थराचा कण किंवा त्यावर जमलेली रक्ताची गुठळी सुटते आणि प्रवाहाबरोबर वर जाते. लहानशी असली आणि विरघळली तर दहा मिनिटांचा झटका. मोठी असली आणि अडकली तर अर्धांगवायू, आमच्या छत्तीसगडात म्हणतात तो लकवा. डावा मेंदू उजवं अंग चालवतो आणि बहुतेकांची वाचाही सांभाळतो. म्हणून दादाची डावी शीर, उजवा हात आणि जीभ.

जुन्यांना काय ठाऊक होतं

मानेतल्या या वाहिन्यांचं महत्त्व आपल्याकडे फार पूर्वी ओळखलं गेलं होतं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मर्मांची यादी आहे. त्यात कंठाच्या दोन्ही बाजूंच्या 'नीला' आणि 'मन्या' या वाहिन्या येतात. त्यांना इजा झाली तर माणूस मुका होतो, आवाज बिघडतो, चव कळत नाही, असं तिथे म्हटलं आहे. मानेतल्याच 'मातृका' शिरांना इजा झाली तर तत्काळ मृत्यू. हे निरीक्षण मुख्यतः जखमांवरून आलेलं दिसतं. ग्रीकांनीही दाबून पाहिलं होतं. कॅरोटिड हा शब्दच गुंगी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे.

१६५८ साली स्वित्झर्लंडच्या योहान वेप्फरने दाखवलं की पक्षाघाताच्या मुळाशी मेंदूच्या रक्तवाहिन्या असतात. १६६४ साली इंग्लंडच्या थॉमस विलिसने मेंदूच्या तळाशी असलेलं रक्तवाहिन्यांचं कडं वर्णन केलं. एका बाजूची मानेतली वाहिनी पूर्ण बंद असूनही पक्षाघात न झालेला माणूस त्याने नोंदवला आहे. एक रस्ता बंद झाला तर त्या कड्यातून दुसऱ्या बाजूची रसद येते. हा मुद्दा लक्षात ठेवा: वाहिनी बंद, तरी माणूस ठणठणीत, असं होऊ शकतं.

मग आले युद्धातले शल्यचिकित्सक. १८०३ साली ब्रिटिश नौदलाच्या 'टोनंट' जहाजावर एका खलाशाने स्वतःचा गळा कापून घेतला. जहाजावरचे सर्जन डेव्हिड फ्लेमिंग यांनी फुटलेली ग्रीवा रोहिणी बांधून टाकली आणि माणूस वाचला. पुढे लंडनच्या गायज रुग्णालयात ॲस्टली कूपर यांनी १८०८ साली या वाहिनीला आलेल्या फुग्यावर, वाहिनी बांधून, यश मिळवलं. पण हे सगळं वाहिनी बंद करण्याचं कसब होतं. बंद होत आलेली वाहिनी मोकळी करायची कल्पना यायला आणखी जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

लिस्बनचे डोळे, माँट्रियलचे कान

मोकळी करायची तर आधी दिसायला हवी. १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी मानेतल्या वाहिनीत रंगद्रव्य सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण फोटो काढले. त्याच शहरात वीस वर्षांनी जुआंव सिद दुश सांतुश यांनी पायाची तुंबलेली धमनी उघडली आणि आतला थर सोलून काढला. रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन तोवर हाती आलं होतं, म्हणून ते जमलं. साल काढल्यासारखं आतलं अस्तर काढायचं, हीच पुढे मानेतली शस्त्रक्रिया झाली.

पण पक्षाघाताचं मूळ मानेत असू शकतं, हे ठासून सांगितलं ते एका युद्धकैदी डॉक्टरने. सी. मिलर फिशर हे कॅनडाच्या नौदलातले डॉक्टर. १९४१ साली त्यांचं जहाज 'व्होल्टेअर' बुडालं आणि पुढची साडेतीन वर्षं जर्मनांच्या छावणीत गेली. सुटून आल्यावर माँट्रियलमध्ये ते पक्षाघाताच्या रुग्णांच्या खाटेशी बसून त्यांचं बोलणं ऐकू लागले. रुग्ण सांगत: अंग लुळं पडण्याच्या काही दिवस आधी एका डोळ्यावर पडदा आल्यासारखं झालं होतं, मग गेलं. गंमत अशी की लुळं पडलेलं अंग एका बाजूचं आणि अंधारी आलेला डोळा दुसऱ्या बाजूचा. मेंदू आणि डोळा या दोघांना एकाच वेळी रक्त पुरवणारी जागा कुठली? मानेतली वाहिनी. तोवर शवविच्छेदनात मेंदू तपासत, मान सहसा उघडत नसत. फिशर यांनी मान उघडून पाहिली. १९५१ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी लिहून ठेवलं की पक्षाघाताच्या आधी असे छोटे इशारे येतात आणि एक दिवस शल्यचिकित्सक या अडथळ्यावर मार्ग काढतील.

मंडळी, हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. दादाचा तो सकाळचा फोन १९५१ सालीच लिहून ठेवलेला होता.

सुरी पुढे सरकते

फिशर यांचं म्हणणं खरं व्हायला वेळ लागला नाही. त्याच वर्षी ब्युनोस आयर्समध्ये कारेया आणि सहकाऱ्यांनी अरुंद भाग कापून वाहिनी पुन्हा जोडली. ७ ऑगस्ट १९५३ रोजी ह्यूस्टनमध्ये मायकेल डिबेकी यांनी ५३ वर्षांच्या एका माणसाची वाहिनी उघडून आतला थर काढला. तो माणूस पुढे एकोणीस वर्षं जगला आणि गेला तो हृदयविकाराने. डिबेकी यांनी ही हकिकत १९७५ साली प्रसिद्ध केली. त्यामुळे जगाला आधी कळली ती लंडनची गोष्ट. मे १९५४ मध्ये सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांच्यापुढे ६६ वर्षांची एक बाई होती. काही महिन्यांत तिला तेहतीस झटके येऊन गेले होते. मेंदूला रक्ताची गरज कमी पडावी म्हणून बर्फाने तिचं शरीर थंड केलं, अरुंद भाग कापला, वाहिनी जोडली. झटके थांबले.

आजची शस्त्रक्रिया साधारण अशी: मानेवर छेद, वाहिनीला वर-खाली चिमटे, लागली तर मेंदूकडे रक्त चालू ठेवणारी तात्पुरती नळी, वाहिनी उभी चिरून आतला थर सोलायचा, मग ठिगळ लावून शिवायचं. काही ठिकाणी फक्त मान बधिर करतात आणि जाग्या रुग्णाच्या हातात आवाज करणारं खेळणं देतात. मधूनमधून दाबायला सांगतात. आवाज आला, म्हणजे मेंदूला रक्त पोचतंय.

एवढ्यांना खरंच गरज होती का?

इथे गोष्टीला वळण येतं. अमेरिकेत १९७१ साली या शस्त्रक्रिया सुमारे १५ हजार झाल्या होत्या, १९८५ साली १ लाख ७ हजार. १९८८ साली १,३०२ रुग्णांच्या कागदपत्रांची छाननी प्रसिद्ध झाली. निष्कर्ष असा: सुमारे ३५ टक्के शस्त्रक्रिया योग्य, ३२ टक्के अनुचित, उरलेल्या संशयास्पद. शिवाय जवळजवळ १० टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर मोठा पक्षाघात झाला किंवा मृत्यू आला. ज्यासाठी सुरी चालवली, तेच सुरीने दिलं.

तेव्हा कॅनडातले हेन्री बार्नेट पुढे आले. झटका येऊन गेलेल्यांना साधी ॲस्पिरिन पक्षाघातापासून वाचवू शकते, हे १९७८ साली दाखवणाऱ्या अभ्यासाचं नेतृत्व त्यांचंच. त्यांनी ठरवलं: मत नको, मोजमाप हवं. झटका येऊन गेलेले रुग्ण घ्यायचे, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट करायचे. एकाला औषधं, दुसऱ्याला औषधं आणि शस्त्रक्रिया. १९९१ साली निकाल आला. ७० टक्क्यांहून जास्त अरुंद वाहिनी असलेल्यांत, दोन वर्षांत त्या बाजूचा पक्षाघात औषधांवरच्या गटात २६ टक्क्यांना झाला, शस्त्रक्रियेच्या गटात ९ टक्क्यांना. फरक इतका मोठा की या रुग्णांपुरता प्रयोग मध्येच थांबवावा लागला. ५० ते ६९ टक्क्यांना फायदा थोडा, ५० च्या खाली काहीच नाही. पुढच्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट कळली: झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर फायदा सर्वांत जास्त, कारण धोकाही त्याच दिवसांत सर्वांत जास्त. माझ्या दादाला नऊ दिवस मिळाले होते.

आणि ज्यांची शीर अजून 'बोललेलीच' नाही त्यांचं काय? १९९५ साली अमेरिकेतल्या १,६६२ जणांच्या अभ्यासाचे आकडे आले. सगळे ६० टक्क्यांहून अरुंद, पण एकही झटका न आलेले. पाच वर्षांत पक्षाघाताची शक्यता औषधांवर ११ टक्के, शस्त्रक्रियेने ५.१ टक्के. 'निम्म्यावर आली' असं जाहिरात म्हणेल. हिशेब असा: शंभर जणांच्या माना कापल्या तर पाच वर्षांत सहा जण वाचले, बाकीच्यांना काही फरक पडला नाही. तेही निवडक, कसलेल्या हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेत. शिवाय आज कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधं आणि रक्तदाबाची चांगली औषधं आहेत. तेव्हाचे आकडे आज जसेच्या तसे लागू होत नाहीत.

परळचं केईएम

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी छातीच्या आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला. फेब्रुवारी १९६८ मध्ये तिथे झालेलं हृदयरोपण जगातल्या पहिल्या काहींपैकी होतं. पण आपल्या विषयात त्यांच्या चमूचं दुसरं काम महत्त्वाचं आहे. त्यांच्याकडे असे रुग्ण येत, बऱ्याचदा तरुण मुली, ज्यांच्या मनगटाला नाडी लागत नसे किंवा एका हाताचा रक्तदाब दुसऱ्याशी जुळत नसे. महाधमनी आणि तिच्यातून मान, हात, मूत्रपिंड यांच्याकडे जाणाऱ्या शाखा सुजून अरुंद झालेल्या. हे वयाचं किंवा तंबाखूचं कीट नव्हे. जपानचे नेत्रवैद्य ताकायासु यांनी १९०८ साली ज्याची खूण डोळ्यांत पाहिली, तो आजार. सेन, किनरे, केळकर आणि पारुलकर यांनी १०१ रुग्णांच्या अभ्यासावर १९७३ साली त्यावर ग्रंथच प्रसिद्ध केला.

यातून सामान्य माणसाने एवढं घ्यावं: शीर अरुंद आहे, एवढ्यावर उपचार ठरत नाही. ती का अरुंद झाली, हे आधी पाहावं लागतं. वीस-पंचवीस वर्षांच्या मुलीची शीर सुजून अरुंद झाली असेल तर आधी ती सूज औषधांनी शमवायला हवी. सूज धुमसत असताना केलेली दुरुस्ती टिकत नाही. आपल्या आशियाई लोकांत कवटीच्या आतल्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचं प्रमाणही गोऱ्यांपेक्षा जास्त आहे. त्यामुळे मानेचा फोटो स्वच्छ आला म्हणून झटका विसरायचा, असंही नाही.

जाळीचा रस्ता

तिसरा मार्ग म्हणजे स्टेंट. मान न कापता, मांडीतून किंवा मनगटातून बारीक तार वर न्यायची, फुग्याने जागा रुंद करायची, जाळी बसवायची. मानेतल्या वाहिनीत फुगा वापरायला सुरुवात झाली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस, आणि जर्मनीच्या क्लाउस माथियास यांचं नाव त्यात अग्रभागी आहे. पुढे सुटणारे कण पकडायला छत्रीसारखी गाळणीही आली. २०१० साली २,५०२ रुग्णांवरचा अमेरिका-कॅनडातला अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही मार्ग एकूणात सारखे ठरले, पण खर्च वेगळ्या खात्यातून: उपचाराच्या आसपासच्या दिवसांत स्टेंटमध्ये पक्षाघात थोडे जास्त, शस्त्रक्रियेत हृदयविकाराचे झटके थोडे जास्त. सत्तरीच्या पुढच्यांना शस्त्रक्रिया बरी पडली, त्याहून तरुणांना स्टेंट. कारण वय वाढतं तशा वाहिन्या वाकड्या आणि कडक होतात, त्यातून तार नेताना थर खरवडला जातो.

२०२५ च्या अखेरीस, ७० टक्क्यांहून अरुंद पण लक्षणं नसलेल्यांवरचा नवा अभ्यास आला. उत्तम औषधोपचारावर चार वर्षांत साधारण ५ ते ६ टक्क्यांना त्रास झाला. स्टेंटने तो २.८ टक्क्यांवर आला. शस्त्रक्रियेने आला ३.७ वर, पण तो फरक ठाम म्हणावा इतका नव्हता. म्हणजे वाद संपलेला नाही. पण नुसत्या औषधांवरही शंभरातले चौऱ्याण्णव-पंचाण्णव जण चार वर्षं ठीक राहिले, हेही त्याच कागदावर आहे.

माझी गोष्ट

आता दुसरी गोष्ट. दादाचं झाल्यावर मीही सोनोग्राफीचीच पुढची पायरी असलेली डॉपलर तपासणी करून घेतली. उजवी शीर साधारण ६० टक्के अरुंद. कधीही झटका नाही, अंधारी नाही, काही नाही. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात मला सांगितलं, "कर्नल साहेब, तुम्ही बॉम्ब घेऊन फिरताय. परवा स्टेंट टाकून टाकू." पॅकेजचा कागदही पुढे आला. दादाला पाहून आलेला माणूस घाबरलेला असतो. मी पेन हातात घेतलं होतं.

बायकोने हात धरला. म्हणाली, "अहो, दोन दिवस थांबायला काय हरकत आहे?" मग मी फौजेच्या रुग्णालयातल्या एका जुन्या परिचित सर्जनकडे गेलो. त्यांनी अहवाल पाहिला, गळ्याला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले, "सर, तुमची शीर अजून बोललेली नाही. आधी तिला बोलायला कारण उरणार नाही असं वागू." ॲस्पिरिन, स्टॅटिन, रक्तदाबावर कडक पहारा, रोज चालणं आणि दर सहा महिन्यांनी डॉपलर. मेसमध्ये लागलेली सिगारेट त्याच दिवशी सुटली. आज काही वर्षं झाली, आकडा जिथल्या तिथे आहे. उद्या तो वाढला किंवा शीर बोलली, तर त्याच दिवशी मी शस्त्रक्रियेला तयार आहे. हा निर्णय माझा, माझ्या डॉक्टरांसोबतचा. तुमचा तुमच्या डॉक्टरांसोबत.

एकाच घरात दोन भाऊ. एकाच्या बाबतीत दिरंगाई झाली, दुसऱ्याच्या बाबतीत घाई होता होता टळली. या उपचाराच्या सत्तर वर्षांच्या इतिहासात याच दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

म्हणून चार प्रश्न लिहून ठेवा आणि डॉक्टरांना विचारायला लाजू नका. माझी शीर बोलली आहे का, म्हणजे हा त्रास त्याच बाजूचा आहे का? किती टक्के अरुंद आहे, आणि कशामुळे? माझ्या वयाला कोणता मार्ग बरा? आणि तुमच्या हातून झालेल्या शंभर उपचारांत किती जणांना पक्षाघात झाला किंवा मृत्यू आला? शेवटचा प्रश्न उद्धट वाटेल. पण मोहिमेवर निघताना आपण वाटाड्याला विचारतोच ना, हा घाट तू याआधी किती वेळा उतरला आहेस?

त्याआधी मात्र एक काम. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात गळला, एका डोळ्यावर पडदा आला, आणि दहा मिनिटांत सगळं बरं झालं, तरी त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा. आमच्या भिलाईत सेक्टर नऊचं रुग्णालय आहे, तुमच्या गावाजवळही एखादं असेल. बरं वाटलं म्हणून घरी बसू नका. आणि खर्रा, गुडाखू, सिगारेट, जे काही असेल ते आजच सोडा.

दादाचा सकाळचा फोन आजही येतो. वहिनी नंबर लावून देतात. तो शब्द शोधत राहतो, मी थांबतो. आता मी हसत नाही, घाईही करत नाही. परवा त्याने माझं नाव अर्धं घेतलं.

काळजी घ्या. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.